नेपाळात फाउंड्री टाकावी का? दुसऱ्याच्या करंटवर चालणाऱ्या देशाचा भरवसा किती?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. बेळगावात फाउंड्रीचा धंदा, दुसरी पिढी. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततो. नेपाळात वीरगंजला आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. ते म्हणतात, बेळगावहून माल आणण्यापेक्षा भागीदारीत इकडंच छोटी फाउंड्री टाकू, जागा माझी, कसब तुमचं. पैशाचं गणित बसतंय. अडतंय ते करंटवर.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, लोखंडाचा रस तयार असताना करंट गेला तर दोन गोष्टी लगेच बघाव्या लागतात. कॉइलचं पाणी थांबू द्यायचं नाही, त्यासाठी उंचावर टाकी नाहीतर डिझेलचा पंप सज्ज लागतो. आणि रस गोठायच्या आत बाहेर काढायचा. आतच गोठला तर भट्टीचं आतलं अस्तर फुटतं. मग जुनं फोडून काढा, नवं ठोका, हळूहळू तापवून पक्कं करा, तोवर उत्पादन बंद. जनरेटरवर पाण्याचा पंप, क्रेन चालते. अख्खी भट्टी डिझेलवर चालवणं कुणालाच परवडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जो देश वर्षातले काही महिने शेजाऱ्याच्या करंटवर जगतो तिथं भट्टी लावू नये. दोन सरकारांचं बिनसलं की खटका खाली. मुलाचं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्यांनी तिकडं काम केलंय त्यांनी जरूर लिहावं.

शहापुरी
आपल्याकडं उन्हाळ्यात करंट पुरत नाही आणि तरी तो नेपाळला देतात? हे मला आजच कळालं.

चिक्कोडी_टॉवर
मी ट्रान्समिशन लाईनीच्या कामावर नेपाळच्या तराईत होतो, धालकेबरच्या बाजूला. आधी थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय प्रश्नच नीट मांडता येत नाही.

नेपाळात पाणी उदंड, पण जवळपास सगळी वीजघरं वाहत्या नदीवर. पाणी साठवायला जागा नाही. साठ्याचं म्हणावं असं एकच जुनं ठिकाण, १९८२ चं कुलेखानी, पहिला टप्पा ६० मेगावॉटचा. पावसाळ्यात नद्या फुगल्या की वीज जास्त होते आणि पौष-माघात हिमालयातलं पाणी आटलं की उत्पादन क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं. ओढ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाला चैत्रात विहीर आठवते, तसं आहे ते. नेमकी त्याच दिवसांत थंडीमुळं मागणी वाढते.

१८ ऑगस्ट २००८ ला कुसहाजवळ कोसी नदीचा तटबांध फुटला. बिहारमधून वीज आणणारी कटैया-दुहबी लाईन त्यात गेली. त्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला १६ तास लोडशेडिंग होतं. म्हणजे उद्यमबागकर, लोडशेडिंग सगळ्यात भयंकर झालं ते भारतातून वीज येत होती म्हणून नव्हे. ती आणायला पुरेशा तारा नव्हत्या म्हणून.

त्यानंतर मुझफ्फरपूर-धालकेबर ४०० केव्ही (किलोव्होल्ट) लाईन उभी राहिली. २०१६ मध्ये ती आधी १३२ केव्हीवर सुरू केली आणि २०२० च्या अखेरीस पूर्ण ४०० वर आली. २०१७ मध्ये कटैया-कुसहा आणि रक्सौल-परवानीपूर या १३२ केव्हीच्या लाईनी झाल्या. परवानीपूर म्हणजे तुमच्या वीरगंजच्या दारातच. २०१६ च्या सप्टेंबरात कुलमान घिसिंग नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि त्याच दिवाळीत, म्हणजे त्यांच्या तिहारला, काठमांडूत लोडशेडिंग झालं नाही. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, ते योग्यच होतं. खरं, त्यामागं ही तार होती हेही ध्यानात ठेवा.

शहापुरी यांना: भारत त्यांना फुकट देत नाही, पैसे घेऊन विकतो. पावसाळ्यात उलटा प्रवाह असतो, नेपाळ भारताला विकतो. २०२३-२४ या त्यांच्या आर्थिक वर्षात पहिल्यांदाच निर्यात आयातीपेक्षा थोडी वरचढ ठरली.

वडगावची_सून
आमच्या घरात माग आहेत म्हणून विचारते. लोडशेडिंगच्या काळात काठमांडूत घरं अंधारात आणि काही कारखान्यांना मात्र चोवीस तास करंट, असं झालं होतं ना? इथं माग बंद पडला की ताणा तुटतो, गाठी मारण्यात दिवस जातो आणि साडीचे पैसे कमी मिळतात. एकाला वेगळी लाईन आणि बाकीच्यांना वाट बघा, हे मला कुठल्याच देशात पटत नाही.

चिक्कोडी_टॉवर
होय ताई, बरोबर ऐकलंय तुम्ही. डेडिकेटेड फीडर (सबस्टेशनहून एकाच कारखान्याला जाणारी वेगळी लाईन) आणि ट्रंक लाईन असे दोन प्रकार होते. जादा दर भरणाऱ्या कारखान्यांना लोडशेडिंगमधून सूट. पुढं त्या जादा दराच्या थकबाकीवरून प्राधिकरण आणि उद्योगपती यांच्यात मोठा वाद पेटला. कारखान्यांच्या लाईनी तोडण्यापर्यंत गोष्ट गेली. वाद असा की नेमक्या किती तासांची जादा वीज दिली त्याची नोंद दाखवा. उद्यमबागकर, हे वहीत लिहून ठेवा: मीटरची तासवार नोंद दर महिन्याला लेखी घ्यायची.

जांबोटीकर
वीज कुठून येते याला एवढं महत्त्व का देताय? आमच्या खानापूर तालुक्याकडं बघा. काळी नदी शेजारी, सुपा धरण शेजारी, कैगाच्या २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या डोंगरापलीकडं. मोठ्या लाईनी आमच्या रानावरून जातात. आणि आषाढात कणकुंबी-जांबोटीकडं एक झाड तारेवर आलं की गावं चार-चार दिवस अंधारात. लाईनमन एकटा, हाताखाली माणूस नाही, मोटारसायकलीवर शिडी बांधून जंगलात फिरतो. त्याला दोष देत नाही मी, त्याच्यावर वीस गावांचं ओझं टाकणाऱ्यांना देतो. आमची वीज शंभर टक्के स्वदेशी आहे, म्हणून आमचा भरवसा वाढला काय?

फोंड्यातला_बेळगावी
+१ जांबोटीकर. उलट उदाहरण गोव्याचं घ्या. गोव्यात स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. सगळी वीज बाहेरची, केंद्राच्या वाट्यातून आणि बाजारातून. एक वाट कोल्हापूर-म्हापसा ४०० केव्ही, दुसरी दांडेलीजवळच्या आंबेवाडीहून फोंडा-शेल्डे २२० केव्ही, म्हणजे आपल्याच घाटातून उतरणारी. तरी पणजीचं घर आणि जांबोटीचं घर यांत लाईट कुठं जास्त टिकते हे सांगायला नको.

तिसरी मोठी वाट, धारवाडच्या नरेंद्रहून शेल्ड्याकडं जाणारी ४०० केव्ही, मोलेच्या जंगलातली झाडं आणि म्हादईच्या पाण्यावरचं कळसा-भांडुऱ्याचं भांडण यात वर्षानुवर्षं रेंगाळली. जंगलाची काळजी मला रास्त वाटते, माझी सही आहे त्या निवेदनावर. पण दोन वाटांवर जगणाऱ्या राज्याला तिसरी वाट लागते हेही खरं आहे.

हुक्केरीचे_मास्तर
मंडळी, घरातलं उदाहरण विसरताय. हुक्केरी तालुक्याची ग्रामीण वीज सहकारी संस्था १९६९ ची. देशात सुरुवातीला ज्या पाच संस्था काढल्या त्यांतली एक. नगरकडची मुळा-प्रवरा तिच्याच वेळची, २०११ मध्ये तिचा परवाना गेला. हुक्केरीची अजून आहे. संस्था स्वतः वीज करत नाही. घाऊक विकत घेते आणि तालुक्यात वाटते. म्हणजे आमचा अख्खा तालुका आज पन्नासहून जास्त वर्षं 'आयात' विजेवरच चाललाय.

त्यातून मला एवढंच कळलं की घाऊक विकत घेणाऱ्यानं तीन गोष्टी सांभाळायच्या. बिल वेळेवर भरायचं, आपली तार आपण नीट ठेवायची आणि सभासदानं विचारलं की उत्तर द्यायला माणूस हजर पाहिजे. देश असो की तालुका.

शहापुरी
मास्तर, सभासदानं विचारल्यावर उत्तर मिळणारा तालुका म्हटल्यावर मी उद्याच हुक्केरीला जागा बघतो 😄

ढाका_रिटर्न
मास्तरांच्या पहिल्या मुद्द्याला, बिलाला, जोड देतो. मी कापड धंद्यात बांगलादेशात होतो. १ नोव्हेंबर २०१४, सकाळी साडेअकराच्या सुमारास अख्ख्या देशाची लाईट गेली. भारतातून बहरामपूर-भेरामारा या जोडणीवर ४०० हून जास्त मेगावॉट येत होते. ते एकदम तुटले आणि राहिलेल्या वीजघरांना तो धक्का पेलला नाही, एकामागून एक सगळी बंद. रात्री उशिरापर्यंत ढाक्यात अंधार. भांडण नाही, राजकारण नाही, फक्त एक जोडणी तुटली.

आणि २०२४ च्या अखेरीस झारखंडातल्या गोड्ड्याहून जाणारी वीज अदानी पॉवरनं थकबाकीपायी जवळपास निम्म्यावर आणली. तिथं डॉलरची चणचण होती. म्हणजे परदेशी विजेला तीन खिळे: तार, पैसा आणि चलन. नेपाळला तिसऱ्याचा त्रास कमी, कारण त्यांचा रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, १.६ ला १.

उद्यमबागकर
ढाका_रिटर्न, तुमच्या पोस्टनं माझं मत पक्कं होतंय. एका जोडणीनं देश झोपतो, तर माझी भट्टी कोण वाचवणार?

अभियंता_टिळकवाडी
थांबा, घाई नको. इटलीही घ्या, ते काही गरीब राष्ट्र नाही. २८ सप्टेंबर २००३, पहाटे ३ वाजून १ मिनिट. स्वित्झर्लंडमधली लुकमानियर लाईन झाडाजवळ स्पार्क होऊन तुटली. २४ मिनिटांनी दुसरी तुटली आणि ३.२८ ला सार्डिनिया बेट सोडून सगळी इटली अंधारात. त्या रात्री इटलीची साधारण चौथा हिस्सा वीज बाहेरून येत होती, कारण ती स्वस्त होती. वीजघरं होती त्यांच्याकडं, बंद ठेवली होती.

त्यावर इटलीनं आयात थांबवली नाही. आजही घेते. सुधारणा केली ती राखीव क्षमतेत, फोनवरच्या समन्वयात आणि धक्का बसला तर कुठला भार आपोआप तोडायचा त्या व्यवस्थेत. विचारायचा प्रश्न हा आहे: सगळ्यात मोठी एक लाईन आत्ता तुटली तर तो भाग उभा राहतो का? वीरगंजबद्दल हे विचारा. भारत-नेपाळ मैत्रीबद्दल विचारू नका, ते उत्तर कुणाकडंच नाही.

निपाणीकर
अभियंता साहेब, मग ३०-३१ जुलै २०१२ चं काय? उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड कोसळली, साठ कोटींवर लोक अंधारात, आणि आपण दक्षिणेत होतो म्हणून वाचलो. वेगळं राहणंच बरं असंच मी म्हणतो.

अभियंता_टिळकवाडी
वाचलो खरे. पण त्याच वेगळेपणाची किंमतही दिली. तेव्हा दक्षिणेत वीज बाजारात कितीतरी महाग होती, कारण बाहेरून आणायला वाट अपुरी. बेळगाव-चिक्कोडीचा काही भार त्या काळात कोल्हापूरच्या २२० केव्ही लाईनवर टाकून भागवत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली आणि सगळा देश एका ग्रीडवर आला. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातल्या त्या एका तारेनं देश जोडला, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी तरी अभिमानानं सांगावं.

येळ्ळूरचा_शेतकरी
तारा जोडल्या, माणसांचं कधी जोडणार? १९५६ पासून…

हुक्केरीचे_मास्तर
त्या प्रश्नावर आपलं सगळ्यांचं मन एक आहे. त्याचा वेगळा धागा वर आहे, तिथं लिहू. इथं उद्यमबागकरांच्या पोराचं भवितव्य अडलंय.

येळ्ळूरचा_शेतकरी
बरं, विषयावरच बोलतो. २०२३ चा दुष्काळ आठवा. पाऊस नाही, शरावती-सुप्यात पाणी नाही, पवनचक्क्या थंड. पंपाच्या थ्री फेजचे सात तासाचे पाच तास झाले ऑक्टोबरात, तेही रात्री. भात करपत होतं आणि आम्ही बॅटरी घेऊन बांधावर. एका रात्री स्टार्टरच्या पेटीत घोणस निघाली, गड्यानं हात घालायच्या आधी दिसली म्हणून निभावलं. तेव्हा सरकारनं उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून उसनवारीवर वीज आणली, पावसाळ्यात परत द्यायच्या बोलीवर. नेपाळ-भारत जे करतात तेच. म्हणून नेपाळवाल्यांना परावलंबी म्हणायला माझं मन धजत नाही. पाण्यावर जगणारा प्रत्येकजण एका हंगामात देतो, एका हंगामात मागतो.

मला तास मोजून द्या, खरं दिवसा द्या आणि सांगितलेल्या वेळेला द्या. आठ वाजता म्हणून सांगितलं तर आठला. भरवसा म्हणजे तेवढाच. वीज रायचूरची की काठमांडूची, उसाला काय कळतंय.

जांबोटीकर
👏 शेवटचं वाक्य.

शिनोळी_नाका
आमच्याकडं रोज बघायला मिळतं. एका बाजूला बाची, दुसऱ्या बाजूला शिनोळी. रस्ता एक, राज्यं दोन, वीज कंपन्या दोन. कधी इकडचा दिवा जातो, कधी तिकडचा. माझ्या गिरणीला गिऱ्हाईक त्या हिशेबानं येतं-जातं. दोन्हीकडून जोड मिळाली असती तर गिरणी कधीच थांबली नसती, पण राज्याची हद्द ओलांडून मला वायर ओढता येत नाही. नेपाळ आणि भारत दोन देश असून ओढतात याचं मला कौतुक वाटतं.

ढाका_रिटर्न
ओढतात, पण अटी असतात. नेपाळातल्या ज्या वीजघरांत चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे त्यांची वीज भारत घेत नाही. अप्पर तामाकोशी, ४५६ मेगावॉट, त्यांचं सगळ्यात मोठं, ते याच कारणानं अडलं. बांगलादेशला भारतातून वीज पोचवायलाही नेपाळला तिघांचा करार करावा लागला, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तोही ४० मेगावॉटचा आणि फक्त पावसाळ्यापुरता. म्हणजे 'दोन सरकारांचं बिनसलं तर' ही उद्यमबागकरांची भीती पूर्ण फोल नाही. खटका खाली होत नाही, पण दार किती उघडायचं ते शेजारी ठरवतो.

चिक्कोडी_टॉवर
बरोबर. आता मूळ प्रश्नाकडं येतो, कारण मला रात्री झोप येईना.

वीरगंजच्या कारखानदारांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो २०२२ च्या एप्रिलात. तेव्हा भारतातच कोळसा कमी होता, वीज बाजारातला दर इतका चढला की केंद्रीय वीज नियामक आयोगाला युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. त्या दरानंही बाजारात पुरेशी वीज मिळेना आणि नेपाळनं आधी उद्योगांची कपात केली, घरांची नाही. पुढच्या हिवाळ्यातही औद्योगिक पट्ट्यांत कपात झाली. ताईंना आनंद होईल, आता तिथं आधी घर, मग कारखाना. पण भट्टीवाल्याला हे धोक्याचं आहे.

दुसरा धोका पावसाळ्याचा. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पूर आला, अनेक वीजघरं बंद पडली, अप्पर तामाकोशी डिसेंबरपर्यंत बंद होतं. म्हणजे 'पावसाळ्यात तरी निर्धास्त' असंही नाही.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मी तिथं होतो तेव्हा सीमेपलीकडून येणाऱ्या तारेपेक्षा गावातल्या ११ केव्हीच्या फीडरवर जास्त वेळा खटका पडायचा. वादळ, झाड, जास्त भाराचा टीसी (ट्रान्सफॉर्मर). जांबोटीकरांच्या गावासारखंच. आयात थांबली आणि स्वतःची वीज मुबलक झाली तरी हा खटका तसाच राहणार.

वडगावची_सून
घर आधी हे वाचून खरंच बरं वाटलं. आणि उद्यमबागकर, तुमच्या भट्टीचंही भलं होवो.

अभियंता_टिळकवाडी
मग व्यवहाराचं बोलू. ११ केव्हीवर जोड घेऊ नका, ३३ ची मागा. जागा परवानीपूर सबस्टेशनच्या जितकी जवळ तितकं बरं. भट्टी एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. करंट गेला तर अडकणारा रस कमी राहतो आणि तो पिगच्या, म्हणजे लोखंडाच्या लाद्यांच्या, साच्यात ओतून भट्टी रिकामी करता येते. कपातीचं वेळापत्रक आधी कळवण्याची अट करारात घाला. वेळ ठाऊक असेल तर भट्टी त्याआधी रिकामी ठेवता येते. नुकसान होतं ते न सांगता गेलेल्या करंटनं.

आणि हिवाळ्याचं काय ते आधीच ठरवा. पौष ते चैत्र ओतकाम बेळगावात, मशिनिंग आणि जुळणी तिकडं. बाकीचे महिने ओतकाम तिकडं.

उद्यमबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला धागा वाचून दाखवला. आयात वाईट असं सरसकट आता मी म्हणणार नाही. भीतीचं कारण मात्र बदललंय: सरकारांच्या भांडणापेक्षा मला त्या एप्रिल २०२२ ची आणि फीडरच्या खटक्यांची भीती जास्त वाटते.

ठरलं ते असं. यंदा तिकडं फक्त मशीन शॉप. माल इथून कच्चा जाईल. भट्टीचं तेव्हाच बघू, जेव्हा ३३ केव्हीची जोड लेखी मिळेल आणि त्या सबस्टेशनच्या ट्रिपिंग रजिस्टरची, म्हणजे खटक्यांच्या नोंदवहीची, मागच्या तीन हिवाळ्यांची नक्कल हातात येईल. भागीदार म्हणतात, नक्कल काढून देतो. चिक्कोडी_टॉवर, आली की तुम्हाला दाखवू का? मला त्यातलं अर्धं कळणार नाही.

चिक्कोडी_टॉवर
अवश्य पाठवा. एक ध्यानात ठेवा, तारखा विक्रम संवतात असतील आणि त्यांचे महिने सौर. त्यांचा पुस आपल्या डिसेंबरच्या मध्याला लागतो, चैत एप्रिलच्या मध्याला संपतो. पुस ते चैत चार महिन्यांची पानं वेगळी काढा. प्रत्येक खटक्यापुढं कारण लिहिलेलं असतं: वरून पुरवठा नाही, की खालच्या फीडरचा दोष. ते दोन रकाने वेगळे मोजले की तुमचं उत्तर त्यातच आहे.